ठिणगीला खायला काय मिळालं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आगीची बातमी आपल्या अंकात आली की तिची शेवटची ओळ मी न वाचताच सांगू शकते. शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे. कपड्याचं दुकान असो, भंगाराचं गोदाम असो नाहीतर कुणाचा फ्लॅट, अंदाज तोच. या प्राथमिक अंदाजानंतरचा दुय्यम अंदाज छापून आलेला मी आजवर पाहिलेला नाही. ठिणगी पडते हे मान्य. पण ठिणगी फरशीवर पडली तर आपली आपण विझते. तिला खायला काय मिळालं, हे बातमीत कधीच नसतं. त्याबद्दल हे पत्र आहे. लांबलंय. काटछाट करायला माझी हरकत नाही, फक्त आकडे काटू नका.

मी २६ वर्षं भोसरी एमआयडीसीतल्या एका प्लॅस्टिक मोल्डिंगच्या कारखान्यात टेस्टिंग रूममध्ये काढली. स्विचची झाकणं, सॉकेटचे बेस, एमसीबीची (जास्त करंट आला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) घरं असला माल आमच्याकडे व्हायचा. त्यातले नमुने रोज जाळून बघायचे, हे माझं काम. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, 'आमची सून कंपनीत जाळपोळ करते.' त्यात चुकीचं काही नव्हतं.

गेल्या गणपतीत माझ्या धाकट्या बहिणीकडे, नारायण पेठेतल्या जुन्या वाड्यात, गौरी जेवायच्या दिवशी आग लागली. आपल्याकडे बातमी आली नाही, कारण बंब बोलवायची वेळ आली नाही. मखराच्या मागे एक एक्स्टेन्शन बोर्ड ठेवला होता. त्यावर दिव्यांच्या माळा होत्या आणि गौरींपुढच्या कारंज्याची मोटर. ऐन वाढपाच्या वेळी कटाची आमटी गरम राहावी म्हणून मेहुण्यांनी त्याच बोर्डावर छोटी इंडक्शन शेगडी लावली. अर्ध्या तासानं भाचा म्हणाला, 'मावशी, मेणबत्ती विझवल्यासारखा वास येतोय.' धूप, उदबत्ती, पुरणपोळीचं तूप, एवढ्या वासांत तो वास त्याला कळला हेच नशीब. मी मखराच्या मागे वाकून पाहिलं तर बोर्डाच्या एका सॉकेटपाशी बोटभर ज्योत उभी होती आणि खाली जळते थेंब पडत होते. टप्, टप्, टप्. एकेक थेंब क्रेप कागदाच्या झालरीवर. झालर पेटली, मग सॅटिनचा पडदा. भाच्यानं धावत जाऊन मेन स्विच पाडला, मग बहिणीनं तांब्याच्या घागरीतलं पाणी ओतलं. सगळं मिळून दोन मिनिटं. धाकट्या गौरीच्या मुखवट्यावर काजळी धरली आणि भिंतीला हातभर काळा डाग पडला.

शेजारचे काका जिना चढून आले आणि दारातूनच म्हणाले, 'शॉर्टसर्किट!'

नव्हतं हो शॉर्टसर्किट. शॉर्टसर्किट झालं असतं तर एमसीबी पडला असता. तो तर शेवटपर्यंत ताठ उभा होता, भाच्यानं हातानं पाडला. हिशेब करून बघा. शेगडी १२०० वॉटची, म्हणजे २३० व्होल्टला साधारण ५.२ अँपिअर. बोर्ड ६ अँपिअरचा, घराचा एमसीबी १६ चा. मेहुण्यांनी नियम कुठला मोडलाच नव्हता. पण सॉकेटच्या आतली पितळी पट्टी पातळ होती, तिचा ताण गेला होता, पिन सैल बसत होती. अशा सैल जागी एक ओहम जरी अडथळा आला, तर ५.२ गुणिले ५.२ गुणिले १, म्हणजे २७ वॉट उष्णता त्या एका टिंबावर तयार होते. २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न कथील वितळवतो. तुमच्या-आमच्या बोर्डात तो असा बिनआवाजाचा चालू असतो, शेगडीला पाच व्होल्ट कमी मिळाल्याचं कळत नाही आणि एमसीबीला तर काहीच कळत नाही. त्याला जास्त करंट ओळखता येतो, सैल पट्टी ओळखता येत नाही.

अशा वेळी मधे उभं असतं ते फक्त बोर्डाचं प्लॅस्टिक. ते नुसतं वितळून काळं पडतं की पेट घेतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

बोर्डाचं उरलेलं झाकण मी घरी आणलं. सवय जात नाही. पहिल्यांदा एक तुकडा पाण्याच्या पातेल्यात टाकला. तरंगला. तिथेच अर्धी गोष्ट कळली. चांगल्या बोर्डाचं प्लॅस्टिक, पॉलिकार्बोनेट म्हणा किंवा ज्वालारोधक मिसळलेलं दुसरं काही, पाण्याहून जड असतं, बुडतं. तरंगतं ते साधं पॉलिप्रॉपिलीन नाहीतर पॉलिइथिलीन, म्हणजे बादल्या-डब्यांचा माल. मग चिमट्यात धरून सळईसारखा तुकडा गॅलरीत पेटवला (हे कुणी घरी करू नये, धूर वाईट असतो, मी २६ वर्षं तो खाल्लेला आहे). खाली निळसर, वर पिवळी ज्योत, मेणाचा वास, जळते थेंब. आगकाडी बाजूला केल्यावरही तुकडा शेवटपर्यंत जळत राहिला. आणि खोक्यावर मोठ्या लाल अक्षरांत छापलं होतं: फायरप्रूफ. कंपनीचं नाव लिहीत नाही. एक पकडली तर त्याच साच्यातून दुसऱ्या नावाचा माल निघेल.

पॉलिप्रॉपिलीन हे मुळात पेट्रोलियमचंच लेकरू. वजनाला वजन लावलं तर एक किलो पॉलिप्रॉपिलीन जळताना साधारण एक किलो रॉकेलाइतकी उष्णता देतं. रॉकेलची बाटली मखरामागे कुणी ठेवेल का? पण घन प्लॅस्टिक स्वतः जळत नाही, हे लोकांना माहीत नसतं. मेणबत्तीसारखंच आहे. उष्णतेनं आधी ते वितळतं, मग त्याच्या लांबच लांब साखळ्या तुटून वायू सुटतो, तो वायू हवेत मिसळून पेटतो, त्या ज्वाळेची धग परत खालच्या प्लॅस्टिकला लागते आणि आणखी वायू सुटतो. हे रहाट एकदा सुरू झालं की थांबत नाही. ज्वालारोधक म्हणजे या रहाटात कुठेतरी काठी घालणारं द्रव्य. कुठे घालायची, याच्या तऱ्हा वेगवेगळ्या.

सगळ्यात सोज्वळ तऱ्हा अ‍ॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडची. दिसायला तांदळाच्या पिठीसारखी पांढरी भुकटी. सुमारे २०० अंशांना ती फुटते आणि स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के पाणी वाफ करून सोडते. आग लागायच्या आतच भिजलेलं कांबळं टाकल्यासारखं. उष्णता फुटण्यात खर्च होते, वाफेनं ज्वलनशील वायू विरळ होतो आणि मागे राहिलेली राख वर पापुद्र्यासारखी बसते. धूर कमी, विष नाही. मग सगळीकडे हीच का वापरत नाहीत? कारण चिमूटभर घालून भागत नाही. शंभर किलो मालात पन्नास-साठ किलो भुकटीच घालावी लागते. जॉब (साच्यातून निघालेली वस्तू) जड होतो, ठिसूळ होतो, आणि मशीनचा स्क्रू झिजतो म्हणून मालक ओरडतो. शिवाय नायलॉनसारखा माल २६०-२८० अंशांना वितळवावा लागतो. तिथे ही भुकटी बॅरलमध्येच पाणी सोडून मोकळी होते आणि जॉबवर चांदीसारख्या पट्ट्या उमटतात. आमच्याकडे एका नव्या सुपरवायझरनं हा प्रयोग करून पाहिला होता. सगळा लॉट जरीच्या साडीसारखा चमकत होता. अशा मालासाठी तिची बहीण मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड आहे, ती ३०० अंशांच्या पुढे फुटते.

दुसरी तऱ्हा फॉस्फरसची, आणि ती समजायला दिवाळीतली नागगोळी आठवा. काडी लावली की इवल्याशा गोळीतून काळाकुट्ट, हलका, पोकळ नाग बाहेर येतो. फॉस्फरसची काही मिश्रणं प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर असंच करतात. प्लॅस्टिक जळून वायू होण्याऐवजी कोळसा होतं, तो कोळसा फुगतो आणि फेसाळ कवच धरतो. बाहेरची धग आत जात नाही, आतला वायू बाहेर येत नाही. लाल फॉस्फरससुद्धा वापरतात, काच मिसळलेल्या नायलॉनमध्ये. तो घातला की जॉब विटकरी नाहीतर काळाच करावा लागतो, पांढरा होतच नाही. कारखान्यातल्या जुन्या पॅनेलमध्ये विटकरी रंगाचे भाग दिसतात, त्यांतले काही याच कारणानं विटकरी असतात.

तिसरी तऱ्हा ब्रोमीनची. ही प्लॅस्टिकमध्ये नाही, ज्वाळेतच शिरून काम करते. ज्वाळेत हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिलचे मोकाट सुटलेले कण असतात. एक कण दोन नवे सुट्टे करतो, ते आणखी. आग पसरते ती यांच्या जिवावर. ब्रोमीनचं संयुग तापलं की हायड्रोजन ब्रोमाइड वायू सुटतो आणि कबड्डीत चढाईला आलेल्या गड्याची पकड करावी तसा या कणांना धरतो. विशेष म्हणजे पकड झाली की ब्रोमीन परत मोकळं होतं आणि पुढच्या पकडीला उभं राहतं. जोडीला अँटिमनी ट्रायऑक्साइड घातलं की ते ब्रोमीनला ज्वाळेपर्यंत नेऊन सोडतं, म्हणून डोस कमी लागतो. थोडक्यात काम, जॉब मजबूत, रंग कुठलाही. मालक खूश.

कल्पना नवी नाही. कापडाला तुरटी, बोरॅक्स वगैरे लावून ते पेटू नये असं करण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १७३५ साली दिलेलं आहे, आणि गे-ल्युसाकनं १८२१ मध्ये नाटकगृहांतल्या पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट आणि बोरॅक्सचे प्रयोग केले होते.

आता माझी टेस्टिंग रूम. आमची मुख्य परीक्षा 'यूएल ९४' नावाची. प्लॅस्टिकची १२५ मिलिमीटर लांब आणि १३ रुंद अशी पट्टी उभी टांगायची, वाऱ्याची झुळूक लागणार नाही अशा पेटीत. तिच्याखाली ३०० मिलिमीटरवर कोरड्या कापसाचा पातळ थर. २० मिलिमीटर उंचीची निळी ज्योत दहा सेकंद पट्टीच्या टोकाला धरायची, काढायची आणि स्टॉपवॉच दाबायचं. विझली की पुन्हा दहा सेकंद. अशा पाच पट्ट्या. प्रत्येक वेळी दहा सेकंदांच्या आत विझली, पाचही पट्ट्यांची बेरीज पन्नास सेकंदांच्या आत राहिली आणि कापूस पेटला नाही, तर माल 'व्ही-झीरो'. तीस सेकंदांत विझली तर 'व्ही-वन'. तेवढ्याच वेळात विझली पण जळता थेंब पडून कापूस पेटला, तर 'व्ही-टू'. नवीन मुलगी कामाला आली की मी तिला सांगायचे, घड्याळाकडे मी बघते, तू कापसाकडे बघ. माझ्या बहिणीकडे मखराची झालर म्हणजे तो कापूस होता.

आणखी एक परीक्षा तापलेल्या तारेची. जॉबला ६५० ते ९६० अंशांपर्यंत तापवलेली लालबुंद तार तीस सेकंद टेकवायची आणि तार काढल्यावर तीस सेकंदांत ज्योत विझली पाहिजे. खाली फळीवर टिश्यू पेपर, तो पेटता कामा नये. सैल पट्टी तापते तेव्हा बोर्डाच्या आत जे घडतं, त्याची ही हुबेहूब नक्कल. मला विचाराल तर बोर्डासाठी हीच परीक्षा खरी.

या परीक्षांमधली एक मेख बाहेर फारशी कुणी सांगत नाही. ग्रेड दाण्याला, म्हणजे कच्च्या प्लॅस्टिकला, मिळते ती ठरावीक जाडीला. तीन मिलिमीटरला व्ही-झीरो असलेला दाणा दीड मिलिमीटरला नापास होऊ शकतो. मग साचा करताना भिंत पातळ करून माल वाचवायचा आणि सर्टिफिकेट मात्र जाड पट्टीचं दाखवायचं. दुसरी मेख ग्राइंडिंगची. मोल्डिंगमध्ये रनर, म्हणजे साच्याच्या वाटांत गोठलेलं जास्तीचं प्लॅस्टिक, निघतात, ते दळून परत हॉपरमध्ये टाकतात. आपल्याच रनरचं ग्राइंडिंग २५ टक्क्यांपर्यंत चालतं, असा जुना दंडक आहे आणि तो बरोबर आहे. पण महिनाअखेरीला ऑर्डर तोंडावर आणि दाणा संपलेला, अशा वेळी बाहेरून 'सेम टू सेम' ग्राइंडिंगची पोती येतात. एकदा असा लॉट माझ्यासमोर आला. पहिली पट्टी आठ सेकंदांत विझली, दुसरी विझेचना, तिसरीनं कापूस पेटवला. मी लाल स्टिकर लावला. वरून निरोप आला, 'मॅडम, पंखा चालू होता का बघा, पुन्हा टेस्ट करा.' पुन्हा केली. पुन्हा पेटला. तो लॉट माझ्या हजेरीत तरी गेटबाहेर गेला नाही. माझ्या सुटीच्या दिवशी काय झालं ते मी सांगू शकत नाही.

ज्वालारोधकांची भलामण करायला मी बसलेले नाही. सुरुवातीच्या वर्षांत अँटिमनीची आणि ब्रोमीनवाल्या भुकटीची पोती हेल्पर पोरं तोंडाला नुसता रुमाल बांधून ओतायची. संध्याकाळी त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. ती भुकटी श्वासात जाऊ देण्यासारखी नाही, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कुणी सांगितलं. ब्रोमीनची काही जुनी संयुगं तर निसर्गात कुजतच नाहीत, चरबीत साठतात आणि अन्नसाखळीत वर चढत जातात. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९७३ मध्ये 'फायरमास्टर' नावाच्या ज्वालारोधकाची पोती 'न्यूट्रिमास्टर' नावाचं पशुखाद्य समजून गुरांच्या चाऱ्यात मिसळली गेली. गुरं आजारी पडली, हजारोंनी मारावी लागली, विष दुधामांसातून माणसांत गेलं. पोत्यावर काय लिहिलंय ते किती महत्त्वाचं, हे मी त्या गोष्टीवरून शिकले. स्टॉकहोम करारानं, म्हणजे अशा न कुजणाऱ्या विषांवरच्या आंतरराष्ट्रीय करारानं, ही संयुगं एकामागून एक बंद करत आणली, काही २००९ मध्ये, थर्मोकोलमध्ये घालायचं एक २०१३ मध्ये, आणि आमच्याकडे ज्याची पोती यायची ते 'डेका' २०१७ मध्ये. आपल्याकडेही ई-कचऱ्याच्या नियमांनी २०१४ पासून नव्या उपकरणांत या जातीच्या ब्रोमीन संयुगांवर ०.१ टक्क्याची मर्यादा आहे. शिवाय ब्रोमीन-क्लोरीनवाला माल पेटलाच तर धूर दाट आणि झोंबणारा. म्हणून बंद जागांसाठी आता बिनहॅलोजन, म्हणजे ब्रोमीन-क्लोरीन नसलेल्या, वायरी काढल्या आहेत.

तरी या गोष्टींमुळे 'केमिकल नकोच' म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. बादलीत नको, खेळण्यात नको, पोळीच्या डब्यात तर नकोच नको. पण जिथे प्लॅस्टिकच्या पोटात वीज वाहते तिथे हवं. आणि आपल्याकडे नेमकं उलटं चाललंय. जुन्या टीव्हीचं काळं कॅबिनेट, ज्यात ब्रोमीन ठासून भरलेलं, भंगारात जातं, दळलं जातं आणि त्याच्यापासून काळ्या रंगाच्या स्वस्त वस्तू होतात. परदेशात असल्या काळ्या प्लॅस्टिकच्या खेळण्यांत हे ब्रोमीन सापडलेलं आहे. आणि फुटक्या बादल्यांचं ग्राइंडिंग रंग घालून पांढरं करून बोर्डात येतं. ज्याला आगीपासून वाचवायचं ते उघडं, आणि बाहुलीला चिलखत.

दिवाळीच्या आधी मी तपकीर गल्लीत गेले, बहिणीसाठी नवा बोर्ड घ्यायला. पहिल्याच दुकानात विचारलं, 'यात एफआर मटेरियल आहे का?' एफआर म्हणजे ज्वालारोधक घातलेलं.

'काकू, ओरिजिनल कंपनीचा माल आहे.'

'कंपनी नाही विचारत, प्लॅस्टिक विचारते. पेटलं तर विझतं का?'

'अनब्रेकेबल आहे,' असं म्हणत त्यानं बोर्ड काउंटरवर धाडकन आपटून दाखवला.

मला हसू आलं. आपटून न फुटणं हा पॉलिप्रॉपिलीनचा गुण आहे. भुकटी भरलेला चांगला माल उलट थोडा ठिसूळच असतो. म्हणजे गिऱ्हाईक आणि दुकानदार मिळून नेमक्या चुकीच्या गुणाची परीक्षा घेत होते. त्याचा तरी काय दोष? खोक्यावर त्यालाही तेच लिहून आलेलं, अनब्रेकेबल, शॉकप्रूफ, फायरप्रूफ. शेवटी चौथ्या दुकानात आयएसआयचं चिन्ह असलेला बोर्ड मिळाला, वर आयएसचा क्रमांक, खाली 'सीएम/एल' आणि लायसन्सचे आकडे. मी तिथेच उभं राहून भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर ते आकडे टाकून पाहिले. मागे रांग लागली, एकजण म्हणाला, 'मावशी, बोर्ड घेताय की फ्लॅट?' आधीचा बोर्ड १८० रुपयांचा होता, हा ५४० ला पडला.

माझी मागणी साधी आहे. आपल्या घरातला टीव्ही, मॉनिटर किंवा प्रिंटर मागून उघडा नाहीतर लॅपटॉपचा चार्जर उलटा करा. बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिकमध्येच कोरलेली बारीक अक्षरं सापडतील: पीसी, अधिक एबीएस, मग एफआर, आणि कंसात ४०. हे प्लॅस्टिकचं कुळ-गोत्र आहे. पीसी-एबीएस म्हणजे माल कुठला. एफआर म्हणजे ज्वालारोधक घातलंय. आणि कंसातला आकडा म्हणजे कुठलं घातलंय, ४० म्हणजे हॅलोजन नसलेलं सेंद्रिय फॉस्फरस, १७ म्हणजे ब्रोमीन आणि अँटिमनी, ५२ म्हणजे लाल फॉस्फरस. साच्यात एकदा कोरलं की प्रत्येक जॉबवर फुकट उमटतं, शाईसुद्धा लागत नाही. लाखभर रुपयांच्या टीव्हीवर हे असतं आणि ज्या बोर्डावर तो टीव्ही लावतो त्याच्यावर नसतं. प्रत्येक एक्स्टेन्शन बोर्ड, होल्डर, प्लग आणि मल्टिपिनवर हे कोरणं सक्तीचं करावं. खोटं कोरलं तर पकडता येतं, पट्टी कापून जाळली की पाच मिनिटांत उत्तर. 'फायरप्रूफ' या शब्दावर तर बंदीच घाला. असं प्लॅस्टिक नसतं. ज्वालारोधक घातलेलं प्लॅस्टिकही मोठ्या आगीत जळतं. ते फक्त लहान ठिणगीची मोठी आग होऊ देत नाही, किंवा उशिरा होऊ देतं.

वायरीवर आधीपासून असं छापलेलं असतं, ते वाचायची तसदी मात्र आपण घेत नाही. साध्या पीव्हीसीत वजनाच्या ५७ टक्के क्लोरीन असतं म्हणून ते मुळात कमी पेटतं, पण वायर लवचीक करायला त्यात तेलकट द्रव्य घालतात आणि तो गुण पातळ होतो. म्हणून 'एफआर' आणि कमी धुराच्या 'एफआरएलएस' वायरी. यांना ऑक्सिजन इंडेक्स किमान २९ लागतो, म्हणजे हवेत २९ टक्के प्राणवायू असेल तेव्हाच जळत राहणार. आपल्या हवेत २१ आहे. साध्या पॉलिप्रॉपिलीनचा इंडेक्स १७-१८, म्हणून ते आपल्या हवेत मजेत जळतं.

बाणेर-वाकडकडच्या सोसायट्यांसाठीही दोन ओळी. दर्शनी भागाला चकचकीत एसीपी शीट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांचं सँडविच, लावताना रंगाचं कॅटलॉग सगळे बघतात, पत्र्यांच्या मधे काय भरलंय ते कुणी विचारत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये १४ जून २०१७ ला एका फ्रीजपाशी लागलेली आग बाहेरच्या शीटमधल्या पॉलिइथिलीनला धरून वर चढत गेली. ७२ माणसं गेली. खनिज भुकटी भरलेली शीट बाजारात तेव्हाही मिळत होती. कमिटीच्या पुढच्या मीटिंगला हा प्रश्न कुणीतरी काढावा.

आणि आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या आगीच्या वेळी अग्निशामक दलाच्या अधिकाऱ्यांना 'कशामुळे लागली' याच्या जोडीनं 'पहिल्यांदा काय पेटलं' हेही विचारावं. वायर, बोर्ड, पडदा, गादी, काय ते. त्यांना ते बऱ्याचदा जागेवर दिसलेलं असतं, विचारत कुणी नाही म्हणून छापून येत नाही.

बहिणीनं भिंतीवरचा डाग दिवाळीला रंग देऊन झाकला, पण मुखवट्याच्या कानामागची काजळी निघाली नाही. तो मुखवटा आमच्या आईचा, बदलायचा प्रश्नच नाही. जळक्या बोर्डाचं उरलेलं झाकण मी पिशवीत घालून ठेवलं आहे. आपल्याकडे कुणाला ते आणि त्याच्या शेजारी चांगल्या बोर्डाचं झाकण पाण्यात टाकून बघायचं असेल तर घरी यावं. दुपारी एक ते चार सोडून कधीही. पातेलं मी देईन.

आपली,
एक निवृत्त टेस्टिंग असिस्टंट,
कोथरूड, पुणे ३८

(नाव छापू नये. जुन्या कंपनीतले लोक लाल स्टिकरवरून ओळखतीलच.)